पाठकोरे कागद

सकाळी नऊला विजयश्री शिलाई मशीनच्या टेबलावर लॅपटॉप उघडायची. आधी पासवर्ड, मग मोबाइलवर दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा सहा आकडी नंबर. दोन्ही बरोबर बसले की पडद्याच्या कोपऱ्यातलं करडं कुलूप हिरवं व्हायचं. ते हिरवं होईपर्यंत ती दुसऱ्या कशाला हात लावत नसे. खिडकीखालच्या कॉटवरून सासूबाई, रुक्मिणीबाई, विचारायच्या,

"लागलं का दार?"

"लागलं."

"मग बस आता. मला दहाला उठव."

पुनावळ्याच्या जुन्या गावठाणात त्यांचं तीन खोल्यांचं घर. मागे टॉवर उठल्यापासून अंगणातली वाळवणं दुपारी तीनलाच उचलावी लागत, कारण त्यानंतर ऊन टॉवरच्या मालकीचं. घरात नेट आलं ते मुलीच्या बारावीच्या वेळी, केबलवाल्याकडून. मुलगी इंजिनिअरिंगला कोल्हापूरला गेली, नेट राहिलं. त्याचा पासवर्ड रुक्मिणीबाईंनी पहिल्याच महिन्यात गल्लीभर केला होता. विरजण मागायला यावं तशा बायका यायच्या, आणि विरजणाला त्या घरात कुणी कधी नाही म्हटलेलं नव्हतं. समोरच्या गिरजाबाईंचा टीव्ही त्याच नेटवर चालायचा.

"विरजण तरी संपतं," रुक्मिणीबाई म्हणायच्या, "ह्ये संपत न्हाई. मग द्यायला काय झालं?"

विजयश्री मूळची करमाळ्याची. आयटीआयला ड्राफ्ट्समनच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. लग्न होऊन इकडे आली, तेव्हा नवरा ज्योतीराम भोसरीत एका वर्कशॉपमध्ये मशीनवर होता, अजूनही तिथेच आहे. ती चाकणला दिग्विजय सरांच्या छोट्या कंपनीत लागली. बोर्डवर पेन्सिलने ड्रॉइंग काढायची शेवटची दोन वर्षं तिने पाहिली, मग कॉम्प्युटर आला. ती फिक्स्चर काढते. गाडीचा एखादा भाग वेल्डिंग करताना जागचा हलू नये म्हणून त्याला धरून ठेवणारा सांगाडा, तो म्हणजे फिक्स्चर. बावीस वर्षांत तिने कितीतरी भाग असे धरून ठेवले, त्या गाड्या रस्त्यावर दिसतात, पण कुठल्या गाडीचा कुठला भाग हे सांगायची तिला कामात बंदी आहे आणि स्वभावात सवय नाही.

तिच्या ड्रॉइंगबद्दल, ते जिथे बनतं त्या शॉपमधून, तक्रारीचा फोन येत नाही, अशी तिची ख्याती होती. त्यामागे एक साधी गोष्ट होती. ड्रॉइंग झालं की ती ते कागदावर छापायची, लाल पेन्सिल घ्यायची आणि एकेक माप वाचून त्यावर बरोबरची खूण करायची. पडद्यावर चूक दिसत नाही, असं तिचं ठाम मत. पडद्यावर सगळंच देखणं असतं.

गेल्या वर्षी श्रावणात रुक्मिणीबाई मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन करून आतला गोळा बदलला. त्यानंतर त्यांना दिवसातून दोनदा चालवणं, व्यायाम करून घेणं, संडासला धरून नेणं आलं. एक महिना नणंद तेजस्विनी तळेगावहून येऊन राहिली. एक महिना विजयश्रीची सुट्टी पुरली. मग तिने एका कोऱ्या कागदावर राजीनामा लिहिला आणि दिग्विजय सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, काचेच्या पेपरवेटखाली सरकवला आणि म्हणाले,

"तीन महिने घरून करून बघा. मोठ्या कंपनीला मी विचारतो. जमलं तर कायमचं करू. नाही जमलं तर हा कागद आहेच."

मोठी कंपनी म्हणजे जिच्या गाड्यांसाठी ही फिक्स्चर बनत. तिने होकार दिला, सोबत अकरा अटी पाठवल्या. विजयश्रीने प्रत्येक पानावर सही केली. सातवी अट होती, ऑफिसच्या बाहेर कुठलंही ड्रॉइंग छापायचं नाही. तिने ती वाचली आणि सही केली.

लॅपटॉप बसवायला तौफिक आला. हा कंपनीचा नोकर नव्हे, चाकणमधल्या तीन-चार लहान कंपन्यांचे कॉम्प्युटर तो बाहेरून सांभाळतो. तिशीचा, शांत, बोलताना एका हाताने दुसऱ्या मनगटावरचं घड्याळ फिरवत राहणारा. गल्लीतल्या नेटची कथा ऐकून तो हसला.

"आजी, तुम्ही पासवर्ड बदलू नका. गल्ली तुमच्यावर रुसेल."

"आन हिचं काम गल्लीला दिसंल त्याचं काय?" रुक्मिणीबाईंनी विचारलं. त्यांना आपल्या दानधर्मावर कुणी बोट ठेवतंय का, हे आधी बघायचं होतं.

"नाही दिसणार. माझे अब्बा कंटेनर चालवतात ना. चाकणला माल भरला की दाराला लोखंडी सील ठोकतात, त्यावर नंबर असतो. मग गाडी रस्त्याला लागते. रस्ता सरकारचा, सगळ्यांचा. टोलवाला बघतो, ढाब्यावरचा बघतो. गाडी गेली एवढं सगळ्यांना कळतं. आत काय आहे ते कळत नाही. पलीकडच्या गेटवर नंबर जुळला तरच दार उघडतात. जुळला नाही तर गाडी बाहेर उभी."

"आन वाटंत कुनी दार फोडलं तर?"

तौफिकने घड्याळ फिरवलं. "इथे त्याचीही सोय आहे, आजी. हा माल अख्खा जातच नाही. निघताना त्याचा भुगा होतो. दार फोडलं तर चोराच्या हाती भुगा. त्याचा परत माल कसा करायचा, ते फक्त ह्या लॅपटॉपला आणि ऑफिसातल्या मशीनला ठाऊक. तेसुद्धा रोज नवीन ठरवून घेतात."

"म्हंजी गल्लीनं आपल्या नेटवर शिनेमा बगायचा, आन त्याच वाटंनं हिचं काम झाकून जायाचं."

"अगदी तसंच. याला व्हीपीएन म्हणतात."

"आसूं दे. मी दार म्हनंन."

तेव्हापासून ते दार.

दुसऱ्या आठवड्यात शॉपमधून फोन आला. भाग दाबून धरणारा एक क्लॅम्प मिटताना बाजूच्या पिनला घासत होता. चूक लहान होती, अर्ध्या तासात निस्तरली, पण अकरा वर्षांनी आलेला पहिला फोन होता तो. संध्याकाळी विजयश्रीने माळ्यावरून मुलीचा जुना प्रिंटर खाली काढला, पुसला, वायरने लॅपटॉपला जोडला. पेन ड्राइव्ह लागू नये याची तौफिकने व्यवस्था केली होती, प्रिंटरची केली नव्हती. घरात प्रिंटर असेल असं त्याला वाटलं नसावं, आणि त्याने विचारलंही नव्हतं.

ती लहान कागदांवर तुकड्या-तुकड्याने छापायची, लाल पेन्सिलने तपासायची आणि कागद शिलाई मशीनच्या खणात टाकायची. महिन्यातून दोनदा ऑफिसला जायची तेव्हा ते पिशवीत घालून न्यायची आणि तिथल्या कागद फाडायच्या यंत्रात घालायची. आपण चोरी करतोय असं तिला वाटलं नाही. भाजीत मीठ आहे का बघितल्यासारखं ते होतं.

हे अडीच महिने चाललं. फोन पुन्हा आला नाही. महिनाअखेरीला तीन महिने संपणार होते आणि दिग्विजय सर कायमचं करणार, हे जवळजवळ ठरल्यासारखं होतं.

एका बुधवारी अकरा वाजता त्यांचा फोन आला. "मॅडम, दुपारी ऑफिसला या. तौफिकलाही बोलावलंय." आवाज साधाच होता. पण दिग्विजय सर एरवी आधी सासूबाईंची चौकशी करत, ती केली नाही.

गिरजाबाईंना सासूबाईंजवळ बसवून ती स्कूटरवर निघाली. तळवड्याच्या चौकात कंटेनरच्या मागे वीस मिनिटं उभी राहिली. समोर दाराचं सील आणि त्यावरचा नंबर, दुसरं बघायला काही नव्हतं.

केबिनमध्ये सरांनी मोबाइल पुढे केला. मोठ्या कंपनीच्या क्वालिटी विभागातल्या योगिनी मॅडम काल भोसरीला एका वेगळ्याच कामासाठी गेल्या होत्या. एमआयडीसीच्या जे ब्लॉकमधल्या एका वर्कशॉपमध्ये, मशीनच्या बाजूच्या पत्र्यावर, लोहचुंबकाने एक कागद लावलेला होता. त्यावर त्यांच्याच कंपनीचं नाव आणि ड्रॉइंग नंबर. त्यांनी फोटो काढला, कागद ताब्यात घेतला.

"अजून बाजारात न आलेल्या गाडीचं आहे हे," सर म्हणाले. "त्यांना शुक्रवारपर्यंत व्हाय-व्हाय हवाय."

व्हाय-व्हाय म्हणजे चूक कशी झाली ते लिहायचा तक्ता. का झालं, आणि ते का, आणि तेही का, असं पाच वेळा विचारायचं. चाकणमधल्या माणसाला देवाची आरती एक वेळ अर्धी येईल, हा तक्ता पूर्ण येतो.

"माझ्या मते हे घरच्या नेटवरून गेलंय," सर पुढे म्हणाले. "अख्खी गल्ली वापरते ते. शिवाय गेल्या महिन्यात मॅडमनी चिंचवडच्या हॉस्पिटलमधून तासभर काम केलं. तिथलं फुकटचं वायफाय. कुणीही बसून खेचलं असेल."

तौफिकने आपला लॅपटॉप वळवला. "सर, ही नोंद बघा. हॉस्पिटल, बारा तारीख, अकरा दहा ते बारा पाच. पूर्ण वेळ सील लागलेलं. घरचे सगळे दिवस बघा. एकच लॅपटॉप, एकच नंबर, एकही चुकीचा प्रयत्न नाही. हॉस्पिटल असो, गल्ली असो, नाहीतर एसटी स्टँड असो, रस्ता वाईट आहे असं धरूनच तर व्हीपीएन बनवलंय. आणि सर, हा फोटो बघा. हा कागद आहे. नेटवरून कुणी खेचलं असतं तर ते त्याच्या कॉम्प्युटरमध्ये असतं. पत्र्याला लोहचुंबकाने नसतं."

"तू मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही. रस्त्यावर काही झालेलं नाही, एवढंच. झालं असेल तर एका टोकाला झालंय."

हे बोलताना त्याने विजयश्रीकडे पाहिलं नाही. ती फोटोकडे बघत होती. कागद चार घड्या घालून उलगडलेला होता आणि पाचवी एक तिरकी घडी कोपऱ्यात होती, आत खोचलेली. कोपरा असा आत खोचणारं माणूस तिला माहीत होतं. मधोमध तेलकट, पिवळसर डागही होता. क्लॅम्पच्या मापावर तिची लाल खूण.

लाल खूण सरांच्या लक्षात आली नव्हती, किंवा ऑफिसमधल्या कुणीही ती केली असती असं त्यांना वाटलं असेल. तिने मोबाइल सरांकडे परत सरकवला. तोंड उघडलं तर काय होईल ते समोरच टेबलावर होतं, पेपरवेटखाली तिचा राजीनामा, तीन महिन्यांत कडा थोड्या पिवळ्या झालेला.

"आयटीवाला बदलतो असं लिहितो," सर म्हणाले. "त्यांचं समाधान होईल. मॅडम, तुमच्यापर्यंत येऊ देत नाही मी."

पार्किंगमध्ये तौफिक बाइकजवळ उभा होता. ती हेल्मेट घालेपर्यंत थांबला.

"ताई, नोंदी साफ आहेत. सरांना साफ रस्ता घाण दाखवायचाच असेल, तर माझ्याकडे इलाज नाही. इथलं काम जाईल. ते गेलं की बाकीच्या कंपन्याही विचारतील, का गेलं म्हणून."

"हं," ती म्हणाली. मग तो किक मारताना म्हणाली, "तुझ्या अब्बांना किती दिवस झाले गाडीवर?"

"पंधरा वर्षं. का?"

"सहज."

घरी आली तेव्हा गिरजाबाई डाळ निवडत होत्या आणि रुक्मिणीबाई त्यांना डाळ कशी निवडायची ते सांगत होत्या. विजयश्रीने खण उघडला. पंधरा दिवसांचे कागद निम्मेसुद्धा नव्हते. गिरजाबाई जाईपर्यंत तिने चहा केला. मग कॉटवर टेकली.

"आई, ह्यांच्या डब्यात भाकरी कशात गुंडाळता?"

पडल्यापासून स्वयंपाकातलं बाकी सगळं सुटलं होतं, पण लेकाचा डबा बांधणं रुक्मिणीबाईंनी सोडलं नव्हतं. पहाटे विजयश्री भाकऱ्या थापायची आणि अंघोळीला जायची. तेवढ्यात त्या खुर्चीत बसून डबा बांधायच्या.

"कागदात."

"कुठल्या?"

"तुज्या खणातल्या. पाठकोऱ्या. धा-बारा दिस झालं." त्यांनी मान वर केली. "छापल्याली बाजू भाईर, कोरी आत. आगं, तूच न्हाई का म्हनली, पेपराची शाई भाकरीला लागती, पोटात जाती म्हून? मी म्हनलं, ही रोज चांगला जाड कागुद एका बाजूनं नासती आन खणात टाकती. दुसरी बाजू तशीच. रद्दीत जान्यापरास."

"मला विचारायचं."

"कागुद काय इचारून घ्यायचा? तुज्या सासऱ्याच्या टायमाला लग्नाच्या पत्रिकांवर वान्याची यादी लिवायचो आमी."

वर्तमानपत्राचं ती खरंच बोलली होती. कुठेतरी वाचलं होतं आणि सासूला शिकवायची संधी सोडली नव्हती.

"काय झालं गं? तोंड का उतारलंय?"

"काही नाही. उद्यापासून फडक्यात बांधा."

"मंजी झालंय कायतरी," म्हणून रुक्मिणीबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. संध्याकाळचा व्यायाम त्यांनी न सांगता, न कण्हता केला.

ज्योतीराम आला. हातपाय धुऊन चहाला बसला. हा माणूस घरात मोजकं बोलतो. लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्याच्या तोंडून विजयश्रीने आपल्या कामाबद्दल ऐकलेलं सगळ्यात मोठं वाक्य म्हणजे "आज उशीर झाला वाटतं." तिने फोटोचं सांगितलं. त्याने बशी खाली ठेवली.

"समाधानकडं असंल त्यो."

"कोण समाधान?"

"शेजारच्या शेडमधला. जेवायला आमच्याकडंच येतो. भाकरीचा कागद मी कांद्याखाली अंथरतो ना. त्यानं बघितला. म्हणाला, भाऊ, काय क्लॅम्प काढलाय राव, एका बोटानं मिटंल. कुणी काढला? मी म्हटलं..." तो थांबला.

"काय म्हटलं?"

"आमच्या हिनं काढलाय म्हटलं." ज्योतीराम बशीकडे बघत होता. "मग त्यानं मागितला. शिकायला ठेवतो म्हणाला. दिला मी. मला वाटलं, जुनं आसंल. खराब झाल्यालं."

"खराब झालेल्यावर मी बरोबरची खूण करते का?"

"ते मला काय माहीत. मी मशीन चालवतो."

"आणि बाकीचे कागद?"

"जेवण झालं की ड्रममध्ये टाकतो. तेलाच्या चिंध्यांबरोबर जळत्यात."

ती कपबशा उचलून आत गेली. नळ सोडला आणि बराच वेळ एकच कप धूत राहिली. रागवायला हवं होतं. चोवीस वर्षांत नवऱ्याने एकदा तिचं कौतुक केलं, तेही शेजारच्या शेडमध्ये, आणि त्याची पावती मोठ्या कंपनीने फोटो काढून पाठवली. याच्यावर रागवायचं कसं, ते तिला कळेना.

आता गप्प राहायचं तर सोपं होतं. सर लिहिणार होते. तौफिक जाणार होता, दुसरा कुणीतरी येणार होता, हिरवं कुलूप तसंच लागणार होतं. सासूबाईंचा दहाचा आणि पाचचा व्यायाम चुकणार नव्हता. फक्त त्या तक्त्यात पहिल्या ओळीपासूनच खोटं असणार होतं. विजयश्रीने बावीस वर्षांत मापाचं खोटं कधी लिहिलं नव्हतं. माप खोटं असेल तर पुढचा सगळा सांगाडा तिरका होतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

सकाळी तिने लॅपटॉप उघडला. कुलूप हिरवं झालं. रुक्मिणीबाईंनी दाराचं विचारलं नाही. तिने व्हाय-व्हायचा कोरा तक्ता घेतला आणि मराठीतच भरला.

ड्रॉइंग भोसरीत का गेलं? माझ्या पतींनी शेजारच्या शेडमधल्या कामगाराला दिलं म्हणून. पतींकडे का आलं? डब्यातल्या भाकरीला गुंडाळलं होतं म्हणून. भाकरीला का गुंडाळलं? वर्तमानपत्राची शाई लागते, असं मीच सांगितलं होतं म्हणून. ड्रॉइंगचा कागद घरात का होता? सातवी अट मोडून मी छापलं म्हणून. का छापलं? पडद्यावर मला चूक दिसत नाही म्हणून.

खाली लिहिलं, व्हीपीएनमध्ये दोष नाही, नोंदी तौफिककडे आहेत. तेवढंच वाक्य तिने दोनदा वाचलं आणि पाठवून दिलं.

दिग्विजय सरांचा फोन दहा मिनिटांत आला. "मॅडम, हे काय पाठवलंत? भाकरी? मी हे त्यांना दाखवू?"

"हो."

"काल का नाही बोललात?"

"घाबरले, सर."

सरांनी पाचही उत्तरं पुन्हा पुटपुटत वाचली. मग म्हणाले, "शुक्रवारी अकराला कॉलवर या. तुम्हीच सांगा त्यांना. माझ्याच्याने भाकरी म्हणवणार नाही."

शुक्रवारी पडद्यावर योगिनी मॅडम दिसल्या. पस्तिशीच्या, केस घट्ट बांधलेले, मागे भिंतीवर आलेखच आलेख. एका चौकोनात दिग्विजय सर, एका चौकोनात तौफिक. रुक्मिणीबाई कॉटवर उठून बसल्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं, कारण गुरुवारी ज्योतीरामने ड्रममध्ये न जळलेले दोन कागद शोधून आणले होते आणि समाधानचा निरोपही. क्लॅम्पची पिन दोन मिलिमीटर आत घेतली तर अजून छान होईल, असा.

योगिनी मॅडमनी तक्ता सावकाश वाचला.

"भाकरी कसली?"

"बाजरीची," विजयश्री म्हणाली.

"किती कागद?"

"अंदाजे अकरा. एक तुमच्याकडे, दोन परत मिळाले, ते माझ्याकडे आहेत. बाकीचे जळाले, असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही."

"तो वर्कशॉपवाला ते वापरणार होता?"

"क्लॅम्प आवडला म्हणून लावला होता."

योगिनी मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. "दिग्विजय सर, परवा तुम्ही फोनवर नेटवर्कचं म्हणालात. तेच पाठवलं असतंत तर मी परत पाठवलं असतं. नेटवर्क बदलून भाकरीचा कागद थांबला नसता." मग तौफिककडे वळल्या. "प्रिंटिंग बंद करता येईल?"

"आता करतो, मॅडम." बोटं चालल्याचा आवाज आला. "झालं. चूक माझीही आहे. घरात प्रिंटर आहे का, हे मी विचारायला हवं होतं."

"विजयश्री मॅडम, आणि पडद्यावर चूक दिसत नाही, त्याचं काय करणार? तुमचं पाचवं उत्तर तेच आहे. ते सुटलं नाही तर बाकी चार सोडवून उपयोग नाही."

याचा विचार तिने केला होता. "आठवड्याचं काम साठवते. दर गुरुवारी ऑफिसला येते, तिथेच छापते, तिथेच तपासते आणि तिथेच यंत्रात घालते. गुरुवारी सासूबाईंकडे शेजारच्या गिरजाबाई बसतील."

"ती मला डाळ निवडाया लावती," कॉटवरून आवाज आला. चौकोनातल्या तिघांनीही तो ऐकला आणि तिघेही न ऐकल्यासारखे बसले.

निर्णय दुपारी कागदावर आला. न आलेल्या गाडीचं काम सहा महिने विजयश्रीला मिळणार नाही, जुन्या गाड्यांचं मिळेल. अट मोडल्याची नोंद राहील. घरून काम चालू ठेवायला हरकत नाही. व्हीपीएन आहे तेच, माणूस आहे तोच. न आलेल्या गाडीचं काम गेलं हे तिला लागलं. त्यात तिचा हात सगळ्यात चांगला चालायचा. तिने ते कुणाला सांगितलं नाही.

पहिल्या गुरुवारी ती ऑफिसला गेली. तपासणी झाल्यावर यंत्रापाशी उभी राहून एकेक कागद आत सोडला. दिग्विजय सर आले. हातात तिचा राजीनामा होता.

"हा तुमचा. यंत्रात घालू का?"

"नको, द्या." तिने तो घडी करून पर्समध्ये ठेवला. घरी आल्यावर रिकाम्या खणात टाकला आणि विसरली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती अंघोळीला निघाली तेव्हा रुक्मिणीबाई खुर्चीत बसल्या होत्या. पुढ्यात दोन भाकऱ्या, बाजूला धुऊन टाकलेलं फडकं. हातात एक कागद होता, जाड, एका बाजूने लिहिलेला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, मग सुनेकडे.

"फडकं वलं हाय. ह्यो चालंल का, का ह्याचंबी व्हाय-व्हाय हुईल?"

विजयश्रीने जवळ जाऊन पाहिलं. आपलंच अक्षर. माननीय सर, घरगुती अडचणीमुळे.

"हा चालेल," ती म्हणाली.

रुक्मिणीबाईंनी कोरी बाजू आत केली, भाकऱ्या ठेवल्या, चार घड्या घातल्या आणि कोपरा तिरका आत खोचला.